आई-वडिलांचे ग्रीन कार्ड: आय-८६४ मध्ये उत्पन्न कमी पडते तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि आता अमेरिकेचे नागरिक आहात. पत्नी ग्रीन कार्डवर आहे, दोन्ही मुले शाळेत आहेत. नोकरी सोडून तुम्ही स्वतःची कन्सल्टिंगची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, काढलीत. वर्षाला ९६,००० डॉलर जमा होतात, पण धंद्याचा खर्च वजा जाता टॅक्स रिटर्नवर ३८,००० उरतात. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करून १४,००० मिळवते. साताऱ्यातल्या आई-वडिलांना कायमचे इकडे आणायचे आहे. वडिलांना सरकारी पेन्शन आहे, शहरात फ्लॅट आहे, गावाकडे जमीन आहे, बँकेत थोड्याफार ठेवी आहेत. एका एजंटाने सांगितले की एवढ्या उत्पन्नावर केस टिकणार नाही, तेव्हा एखादा चांगल्या पगाराचा मित्र सहीसाठी गाठा किंवा रिटर्न ‘दुरुस्त’ करून उत्पन्न वाढवून दाखवा.

केस टिकेल. मित्राच्या सहीची तुम्हाला बहुधा गरज पडणार नाही, आणि रिटर्नला हात तर मुळीच लावू नका. कसे ते नीट सांगते, कारण या फॉर्मवर लोक घाबरतात नको तिथे आणि बेफिकीर राहतात तेही नको तिथेच.

आधी हा फॉर्म म्हणजे काय ते पाहू. आय-८६४ हा आणणाऱ्याने, म्हणजे स्पॉन्सरने, आणलेल्या माणसाच्या खर्चाची हमी देऊन अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे. १९९६ पूर्वीही नातेवाइकांसाठी असे हमीपत्र द्यावे लागे, पण न्यायालयात त्याला फारशी किंमत नव्हती. १९९६ च्या कायद्याने ते बंधनकारक केले आणि १९ डिसेंबर १९९७ पासून आजचा फॉर्म लागू झाला. तुम्ही लिहून देता की आणलेल्या माणसाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. त्याने फूड स्टॅम्प, मेडिकेड, एसएसआय यांसारखी गरजूंसाठीची सरकारी मदत घेतली, तर ती देणारी यंत्रणा पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. आणलेला माणूसही तुमच्यावर दावा लावू शकतो. असे दावे खरोखर चालतात, मुख्यतः घटस्फोटानंतर. अशाच एका दाव्यात २०१२ साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवले की आणलेल्या जोडीदाराने नोकरी शोधली नाही, हे कारण सांगून स्पॉन्सरला सुटता येत नाही.

आता आकडा. दरवर्षी जानेवारीत अमेरिकेचे आरोग्य खाते दारिद्र्यरेषेचे आकडे काढते, त्यांची १२५ टक्के रक्कम आय-८६४पी या तक्त्यात असते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत दोन माणसांच्या कुटुंबाला २६,४३७ डॉलर लागतात, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२ आणि सहा जणांना ५३,९३७. फॉर्म भराल तेव्हाचा चालू तक्ताच पाहा. मी २०२५ चे आकडे हिशेब समजावण्यासाठी घेते आहे. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला पती, पत्नी किंवा मुलासाठी १०० टक्के पुरतात, पण ती सवलत आई-वडिलांना नाही.

सगळ्यात जास्त चुका कमाईत होत नाहीत, माणसे मोजण्यात होतात. कुटुंबात तुम्ही, पत्नी, २१ वर्षांखालची अविवाहित मुले, रिटर्नवर अवलंबून म्हणून दाखवलेली इतर माणसे, या फॉर्मवर आणत असलेली व्यक्ती, आणि पूर्वी आय-८६४ देऊन आणलेली पण अजून जबाबदारीतून न सुटलेली माणसे मोजायची. शेवटचा गट लोक हमखास विसरतात. पहिल्या लग्नातल्या पत्नीला तुम्ही आणले असेल, घटस्फोट होऊन दहा वर्षे लोटली असतील, पण ती नागरिक झाली नसेल आणि तिची कामाची साधारण दहा वर्षेही पुरी झाली नसतील, तर ती या मोजणीत येते. कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेलेला १९ वर्षांचा मुलगाही येतो. एकच माणूस दोन गटांत बसत असला तरी तो एकदाच मोजायचा.

तुमच्या घरी तुम्ही, पत्नी आणि दोन मुले, म्हणजे चार. आई आणि वडील यांच्यासाठी प्रत्येकी वेगळा आय-१३०, म्हणजे नाते दाखवणारा मूळ अर्ज, आणि वेगळा आय-८६४ लागतो. पती-पत्नी असूनही एकाच्या अर्जावर दुसरे येत नाहीत, कारण नागरिकाच्या आई-वडिलांच्या वर्गात तशी सोयच नाही. म्हणून आईच्या फॉर्मवर पाच माणसे आणि वडिलांच्या फॉर्मवरही पाच. पूर्वी आणलेल्या माणसांत फॉर्म फक्त कायम रहिवासी झालेल्यांना मोजायला सांगतो, त्यामुळे दोघांचे अर्ज एकाच वेळी चालू असताना कागदावर पाचचाच आकडा लागतो. तो ४७,०६२ आणि तुमचे दोघांचे मिळून उत्पन्न ५२,०००. पास.

तरीही मी तुम्हाला सहा माणसांची तयारी ठेवायला सांगेन. दोघांच्या केसेस हातात हात घालून पुढे जातीलच असे नाही. एकाच्या वैद्यकीय तपासणीत क्ष-किरणात डाग दिसतो, थुंकीच्या तपासण्या लागतात, दोन-तीन महिने जातात. तोवर दुसऱ्याचा व्हिसा हातात पडतो. आई आधी येऊन कायम रहिवासी झाली की वडिलांच्या फॉर्मवरची मोजणी सहा होते आणि पट्टी ५३,९३७ वर जाते. तिथे तुम्हाला १,९३७ डॉलर कमी पडतात. हा खड्डा लहान आहे आणि मालमत्तेने भरता येतो. त्यावर पुढे येते.

त्याआधी उत्पन्नाचे. अधिकाऱ्याला तुमचे चालू वर्षाचे उत्पन्न हवे असते आणि त्याला आधार म्हणून सर्वांत अलीकडचे टॅक्स रिटर्न. तीन वर्षांची रिटर्न जोडायची मुभा आहे, सक्ती एकाच वर्षाची आहे. मागच्या वर्षी दीड लाख डॉलर मिळवले आणि आज नोकरी नाही, तर ते दीड लाख कामाचे नाहीत. उलट मागचे वर्ष कोरडे गेले पण आज चांगली नोकरी लागली, तर नोकरीचे पत्र आणि काही महिन्यांच्या पगारपावत्यांवर केस उभी राहते.

तुमच्यासारख्या स्वतःचा धंदा असलेल्याची अडचण वेगळी. जमा झालेले ९६,००० दाखवून उपयोग नाही. अधिकारी शेड्यूल सी वरचा, म्हणजे रिटर्नमधल्या धंद्याच्या हिशेबाच्या पानावरचा, निव्वळ नफा पाहतो आणि तो १०४० या मुख्य रिटर्न फॉर्मच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे नवव्या ओळीत येतो. इथे एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. बरेच लोक त्याखालची एजीआयची, म्हणजे काही वजावटींनंतरच्या उत्पन्नाची, ओळ उतरवतात. स्वतःसाठी काढलेल्या आरोग्यविम्याचा हप्ता, सेप-आयआरए या निवृत्ती खात्यात भरलेली रक्कम, स्वयंरोजगार कराचा अर्धा भाग या वजावटी नवव्या ओळीनंतर होतात. आय-८६४ एकूण उत्पन्न विचारतो. एजीआय लिहून माणसे आपलेच चार-पाच हजार डॉलर कमी करून घेतात. तुमचे ३८,००० कोणत्या ओळीतले आहेत, ते आजच उघडून पाहा.

घसाऱ्याचेही तसेच. लॅपटॉप, सर्व्हर, गाडी यांची किंमत करकायद्याच्या कलम १७९ खाली एकाच वर्षात वजा करणे ही निवड असते, सक्ती नसते. पुढच्या वर्षी फॉर्म भरायचा असेल तर आत्ताच सीपीएशी, म्हणजे परवानाधारक लेखापालाशी, बोला आणि ती वजावट अनेक वर्षांत विभागता येईल का ते विचारा. कर थोडा जास्त बसेल, पण उत्पन्न खरेच जास्त दिसेल, आणि हे पूर्णपणे कायद्यात बसते. एजंट सांगतो त्या ‘दुरुस्ती’त आणि यात फरक हा की ही निवड रिटर्न भरण्याआधी करायची असते आणि तिच्यात एकही आकडा खोटा नसतो. भरलेल्या रिटर्नमध्ये खरेच काही राहून गेले असेल तर सुधारित रिटर्न जरूर भरा. पण झालेले खर्च पुसून टाकण्यासाठी सुधारणा केलीत, तर तुम्ही शपथेवर खोटे लिहिता. त्यात आई-वडिलांचाही सहभाग दिसला, तर त्यांच्यावर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. तसा सल्ला देणाऱ्या एजंटाकडे पुन्हा जाऊ नका.

चालू वर्षाचा पुरावा म्हणून जानेवारीपासूनचे नफा-तोटा पत्रक, क्लायंटशी झालेले करार, त्यांनी दिलेल्या पैशांचे १०९९ फॉर्म आणि धंद्याच्या खात्याची स्टेटमेंट ठेवा. रिटर्नच्या फोटोकॉपीऐवजी आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) द्या. ते फुकट मिळते, पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्म जोडायची गरज राहत नाही आणि त्याच्या खरेपणावर शंका घेतली जात नाही.

पत्नीचे १४,००० आपोआप जमेला धरले जात नाहीत, रिटर्न दोघांचे मिळून असले तरी. त्यासाठी तिला आय-८६४ए या घरातल्या सदस्याच्या करारावर सही करावी लागते. ती सही म्हणजे तिनेही तीच जबाबदारी घेतली. सासू-सासऱ्यांसाठी आपण एक कायदेशीर करार करतो आहोत आणि पुढे नवरा-बायको वेगळे झालो तरी तो संपत नाही, हे तिला सहीआधी स्पष्ट सांगा. मी माझ्या ऑफिसात हे नेहमी दोघांना समोर बसवून सांगते. बऱ्याच घरांत ‘इथे सही कर’ एवढ्यावर हा कागद उरकला जातो, ते मला पटत नाही. तिच्या सहीबरोबर तिचे शाळेचे पत्र जोडा. त्यात कधीपासून कामाला आहे, हुद्दा, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार येऊ दे. शाळेला उन्हाळ्यात सुट्टी असते, म्हणून तासाच्या दराला ५२ आठवड्यांनी गुणू नका. प्रत्यक्षात मिळते तेवढेच लिहा.

आता वडिलांचे पेन्शन. हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक घरातून येतो, कारण झेडपीतून, एसटीतून, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या वडिलांना वाटते की मी कुणावर भार नाही, हे तरी अमेरिकेने पाहावे. आणल्या जाणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न धरता येते, पण पती-पत्नीखेरीज इतर नात्यांत दोन अटी आहेत. उत्पन्नाचा स्रोत ग्रीन कार्डनंतरही तोच चालू राहायला हवा आणि ती व्यक्ती आत्ताच तुमच्या घरात राहत असायला हवी. पहिली अट पेन्शन पुरी करते, दुसरी साताऱ्यात बसून पुरी होत नाही. म्हणून उत्पन्नाच्या रकान्यात पेन्शन येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आणून इथूनच अर्ज केला तर ही अट पुरी होईल, असे कुणी सुचवेल. येतानाच तो हेतू असेल तर विमानतळावर दिलेली उत्तरे खोटी ठरतात. मी तो सल्ला देत नाही. पेन्शनचे आदेशपत्र आणि बँकेचे पासबुक मुलाखतीला मात्र जरूर न्यायचे. त्याचा उपयोग दुसरीकडे होतो.

मालमत्तेचा नियम असा की जेवढे उत्पन्न कमी पडते त्याच्या पाचपट किमतीची मालमत्ता दाखवायची. नागरिकाच्या पती-पत्नीसाठी किंवा १८ पूर्ण झालेल्या मुलासाठी तिप्पट पुरते, आई-वडिलांसाठी पाचपटच. तुमचा खड्डा १,९३७ चा, म्हणजे ९,६८५ डॉलर. जुन्या नोकरीतली ४०१-के ही निवृत्तीची बचत तुमच्याकडे असेल तर हा आकडा तिथूनच भरेल, फक्त मुदतीआधी काढल्यास लागणारा दंड आणि कर वजा करून उरते ती किंमत धरा. बचत खात्यातली शिल्लकही चालते. घर असेल तर बाजारभावातून कर्ज वजा करून उरलेला तुमचा हिस्सा चालतो. घरात एकच गाडी असेल तर ती चालत नाही, दुसरी असेल तर तिची किंमत धरता येते.

इथे आई-वडिलांची मालमत्ताही चालते, भारतातली असली तरी. अट एवढीच की ती वर्षभरात रोखीत बदलता यावी आणि पैसा देशाबाहेर आणता यावा. एका डॉलरला ८८ रुपये धरले तर ९,६८५ डॉलर म्हणजे सुमारे साडेआठ लाख रुपये. तेवढी एफडी निवृत्त माणसाकडे बऱ्याचदा असते. ती आई आणि वडील दोघांच्या नावावर असेल तर उत्तम, कारण फॉर्म दोघांचे वेगळे आहेत आणि प्रत्येकात त्या-त्या व्यक्तीची मालमत्ता पाहिली जाते. पण कुठली एफडी, ते बघा. कर वाचवण्यासाठी काढलेली पाच वर्षांची एफडी मुदतीआधी मोडता येत नाही, म्हणून ती दाखवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे थोडी कपात सोसून मुदतीआधी काढता येतात, ते चालतील. गावातल्या पतसंस्थेच्या ठेवपावत्या मी केसमध्ये लावत नाही, कारण त्यांच्या पत्रावर परदेशी अधिकाऱ्याचा विश्वास बसवणे अवघड जाते. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेकडून इंग्रजीत शिल्लक-प्रमाणपत्र घ्या आणि वर्षभराची स्टेटमेंट जोडा. मुलाखतीच्या आठवडाभर आधी अचानक आलेले दहा लाख दिसले, तर ते कुठून आले हे अधिकारी विचारणारच. पैसा बाहेर नेता येतो हे दाखवायला रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना पुरेशी आहे. तिच्यात भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवू शकतो.

फ्लॅट दाखवायचा तर नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, कर्ज नसल्याचा दाखला आणि सरकारमान्य मूल्यांकनकाराचा इंग्रजी अहवाल लागतो. मराठीतल्या प्रत्येक कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर द्या. तुमच्या केसमध्ये ९,६८५ साठी फ्लॅटपर्यंत जायची वेळ येणार नाही. कुणाला पाचपट करून चाळीस-पन्नास हजार डॉलर भरून काढायचे असतील, तर तिथे फ्लॅट कामाला येतो.

गावाकडच्या जमिनीवर मात्र विसंबू नका. सातबाऱ्यावर आजोबांच्या नंतर काका, आत्या, चुलतभाऊ अशी आठ-दहा नावे असतात आणि वाटप झालेले नसते. वाटप झाले असले तरी महाराष्ट्रात शेतजमीन, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर, शेतकऱ्यालाच विकता येते. वर्षात रोख होईल असे त्या जमिनीबद्दल सांगणे कठीण. ती केसमध्ये लावली की प्रश्नच जास्त येतात. वडिलांना वाईट वाटेल, आयुष्यभर जपलेली जमीन कुणी मोजत नाही म्हणून. त्यांना नीट समजावून सांगा की हा जमिनीच्या किमतीवरचा शेरा नाही.

जॉइंट स्पॉन्सरबद्दल, म्हणजे तुमच्याबरोबर हमी देणाऱ्या दुसऱ्या माणसाबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण एजंटांचा सगळ्यात सोपा उपाय तोच असतो आणि त्यातच नाती ताणली जातात. जॉइंट स्पॉन्सर अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा, १८ पूर्ण असावा आणि त्याचे वास्तव्य अमेरिकेत असावे. नातेवाईक असण्याची गरज नाही. एच-१बी वरचा मित्र चालत नाही, दुबईतला भाऊ चालत नाही, पुण्यात चार फ्लॅट असलेला मेहुणाही चालत नाही. त्याच्या उत्पन्नात तुमचे उत्पन्न मिळवता येत नाही. त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी अधिक तुमच्या माणसासाठी लागणारा पूर्ण आकडा तुमच्या उत्पन्नाशिवाय गाठायचा. मित्र, त्याची पत्नी, एक मूल आणि तुमची आई मिळून चार, म्हणजे ४०,१८७. दोघांसाठी सही केली तर पाच धरा, ४७,०६२. आणि जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी तुमचा स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, उत्पन्न शून्य असले तरी.

मंडळातल्या मित्राला गणपतीच्या कार्यक्रमात ‘एक सही हवी आहे’ असे विचारले जाते आणि तो आनंदाने हो म्हणतो. त्याला तीन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, ही जबाबदारी तुमच्याइतकीच त्याचीही पूर्ण आहे, सरकार थेट त्याच्याकडे येऊ शकते. दुसरी, तुमची मैत्री तुटली तरी ती संपत नाही. तिसरी त्याला सहसा कुणीच सांगत नाही. उद्या तो स्वतःच्या आई-वडिलांना आणायला निघाला की तुमचे आई-वडील त्याच्या कुटुंबाच्या मोजणीत धरले जातील आणि त्याची पट्टी तेवढी वर जाईल. हे ऐकूनही तो हो म्हणाला तर तो खरा मित्र, त्याची सही घ्या. तुमच्या केसमध्ये ९,६८५ डॉलरची बचत दाखवून हे सगळे टळत असेल, तर मी मित्राला त्यात ओढणार नाही.

जबाबदारी संपते कधी? आणलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली, किंवा तिच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे) ४० क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम जमा झाले, किंवा तिने ग्रीन कार्ड सोडून देश सोडला, किंवा तिचे निधन झाले तर. सत्तरीत आलेल्या आई-वडिलांचे ४० क्वार्टर होत नाहीत आणि तुम्ही केलेले काम त्यांना लागू होत नाही. पाच वर्षांनी नागरिकत्व घेणे हा त्यांच्यापुरता खरा मार्ग, पण त्यात भारतीय नागरिकत्व सोडावे लागते आणि साताऱ्याच्या माणसाला ते जड जाते. दुसरे असे की अनेक आई-वडील दोन हिवाळे काढून परत जातात. परत गेले म्हणजे तुम्ही सुटलात असे नाही. कायमचे जायचे ठरले तर आय-४०७ भरून ग्रीन कार्ड रीतसर परत करावे, मग कागदावरही ते संपते. तुमचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आय-८६५ भरायचा असतो. न भरल्यास दंड २५० ते २,००० डॉलर, आणि त्या व्यक्तीने सरकारी मदत घेतल्याचे माहीत असूनही कळवले नाही तर २,००० ते ५,०००.

आकडा गाठला म्हणजे व्हिसा पक्का, असेही नाही. मुलाखतीत अधिकारी वय, प्रकृती, कुटुंब, मालमत्ता, शिक्षण हे सगळे मिळून ही व्यक्ती सरकारवर भार होईल का ते पाहतो. तिथे वडिलांचे पेन्शन, फ्लॅट, ठेवी कामाला येतात. आणि तिथेच आजारपणाच्या खर्चाचा प्रश्न येतो, जो माझ्या मते १२५ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षे अमेरिकेत राहिल्यावरच मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेता येते. इथे कामाची नोंद नसेल तर २०२५ च्या दराने पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) ला महिना ५१८ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा विमा) ला १८५, म्हणजे एका माणसाला ७०३. त्याआधीची पाच वर्षे मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारने चालवलेल्या विमा बाजारातून, पॉलिसी घ्यावी लागते. व्हिजिटर विमा कायम राहणाऱ्या माणसासाठी पुरेसा नसतो, आधीच्या आजारांना तो बहुधा हात लावत नाही. वडिलांना मधुमेह आणि आईला रक्तदाब असेल, तर अर्ज भरण्याआधी तुमच्या काउंटीतल्या पॉलिसींचे दर काढून घरखर्चात बसवून पाहा. मुलाखतीत ‘आजारी पडलात तर?’ असे विचारले तर आईला उत्तर माहीत असले पाहिजे. ‘मुलगा बघेल’ एवढ्यावर थांबू नये. मुलाने कोणती पॉलिसी ठरवली आहे, तेही तिला सांगता यावे.

उत्पन्नात काही उणीव दिसली तर मुंबईच्या वकिलातीत कलम २२१(जी) खाली केस थांबवतात आणि कागद मागतात. तो कायमचा नकार नसतो, पण वर्षभरात कागद द्यायलाच हवेत. तेव्हा घाबरून जॉइंट स्पॉन्सर शोधायला धावण्याआधी पत्रात नेमके काय मागितले आहे ते वाचा. कित्येकदा पत्नीचा आय-८६४ए राहिलेला असतो, किंवा रिटर्न एक वर्ष जुने झालेले असते.

तुमची धाकटी बहीण भारतात असेल आणि तिचाही अर्ज करायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेवा. रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतातल्या भावंडांसाठी २००६ साली केलेल्या अर्जांच्या तारखा चालू होत्या. तिचा नंबर येईल तेव्हा तुम्ही निवृत्तीच्या आसपास असाल आणि ती नवरा-मुलांसह येईल. सोशल सिक्युरिटीचे पैसे उत्पन्नात धरले जातात, ४०१-के मालमत्तेत. आई-वडील तोवर नागरिक झाले नसतील तर तेही मोजणीत असतील.

दोघांचेही आय-१३० आत्ताच भरा. त्या टप्प्यावर तुमचे उत्पन्न कुणी विचारत नाही. आय-८६४ लागतो तो पुढे, मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या कार्यालयाकडे, केस गेल्यावर, आणि मधले महिने तुमचे आहेत. त्यात ट्रान्सक्रिप्ट मागवा, नववी ओळ तपासा, सीपीएशी घसाऱ्याचे बोला, पत्नीचे तास वाढण्याची शक्यता असेल तर शाळेत विचारा. दोघांचे मिळून उत्पन्न ५४,००० च्या वर गेले आणि चालू तक्त्यातला सहा माणसांचा आकडा त्याखाली असला, तर मालमत्तेचे एकही पान जोडू नका. गेले नाही तर आई-वडिलांना बँकेत पाठवून दोघांच्या नावावरची, मुदतीआधी मोडता येणारी एफडी कोणती आहे ते विचारायला सांगा, आणि तिचे प्रमाणपत्र नॅशनल व्हिसा सेंटरला कागद द्यायच्या आधीच्या महिन्यातले घ्या.